हिरवी सायकल तू घेऊन जा

शनिवार पेठ, पुणे

प्रिय मुमताज,

फोन सोडून पत्र कशाला, असं तू पहिल्याच ओळीला विचारणार. फोनवर मी दोन वाक्यांत गप्प होते आणि तू तिकडे वाईहून ‘हॅलो, हॅलो’ ओरडत बसतेस, म्हणून. अक्षर मोठं आलंय आणि ओळी उताराला लागल्यात, त्याला हसू नकोस. कंटाळा आलाय गं. कशाचा, ते लिहिता लिहिता सांगेन.

सोसायटीला आता पार्किंगमधला माझा कोपरा हवाय. हिरवीमुळे म्हणे एक स्कूटर कमी मावते. बैठकीत कुणीतरी तिला भंगार म्हणालं. मी म्हटलं, “तुमच्या स्कूटर माझ्यादेखत भंगारात गेल्या. ही कॉलेजपासून माझ्याकडे आहे.” सगळे हसले. पूर्वी असं काही बोलून घरी आले, की दिवसभर बरं वाटायचं. या वेळी नुसतीच दमले. माझ्या साठीला आमच्या पुष्करने हौसेने गिअरची सायकल आणली होती, आठवतं? चांगली होती बिचारी. पण तिच्यावर बसलं की पाहुण्यांकडे जेवायला गेल्यासारखं वाटायचं. शेवटी अवनीला देऊन टाकली. नातीला तरी आजीचं काहीतरी नवं मिळालं. हिरवीला गिअर नाही, वजन म्हशीचं. तरी चढाला तिची चेन कुरकुरायला लागली, की उतरून ढकलायची वेळ झाली हे मला पायातच कळतं.

काल दुपारी बसल्या बसल्या पसरणीचा घाट आठवला. पाचगणीहून उतरताना तुझे ब्रेक गेले आणि तू मागून ओरडलीस, “आनंदी, लागतच नाहीये!” मला वाटलं तू पडलीस आणि लागलं नाही म्हणून कळवतेयस. मी पुढून ओरडले, “बरं झालं!” तेवढ्यात तू माझ्या शेजारून सुसाट खाली गेलीस. तुझ्या सायकलीला मागचा मडगार्ड नव्हता म्हणून वाचलीस. चप्पल टायरवर दाबून धरली होतीस, जळक्या रबराचा वास अजून माझ्या नाकात आहे. वळणावर खडीच्या ढिगात घुसलीस, आधी हसलीस आणि मग रस्त्यात बसून रडलीस. वाईत एका पायात चप्पल घालून शिरलीस. पुढे त्याच गावची सून झालीस, तेव्हा मी विचारलं होतं, दुसरी सापडली का म्हणून. तुझ्या सासूबाई माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या होत्या.

आता इतके दिवस न सांगितलेलं सांगते. गेल्या महिन्यात मी एकटीच बोपदेव घाट चढले. दोनदा उतरून ढकललं, वर पोचल्यावर कठड्यावर बसून चहा प्यायले, सगळं नेहमीसारखं. खाली येताना एका वळणावर समोरचा रस्ता मोकळा दिसला. मोकळा नव्हता. गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती आणि ती जिथे होती, तिथे मला फक्त धुरकट डाग दिसला. ती ओरडली म्हणून मी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गटाराच्या दगडावर आदळले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. मालनबाई नाव तिचं. भारा टाकून तिनेच मला उठवलं, पाणी दिलं. वर म्हणाली, “आजी, तुमच्या घरी कुणी हाय का न्हाय?” मी म्हटलं, “आहेत की. त्यांनाच कळायला नकोय.” तिला काही ते पटलं नाही. पुष्करचा नंबर माझ्याकडून वदवून घेतला आणि तो येईपर्यंत माझा दंड धरून बसली.

डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज होतेय म्हणाले. बाजूचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. सायकलचं त्यांनी विचारलंच नाही. माझ्या वयाची बाई घाट चढते, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? पुष्करने विचारलं. ते नुसते मान हलवून ‘नाही’ म्हणाले. येताना रिक्षात पुष्कर ‘आई, आता बास’ म्हणाला असता तर निदान भांडले असते. पण भांडायचं कशावर? मालनबाई वाचली ती तिच्या ओरडण्याने, माझ्या ब्रेकने नव्हे. त्या दिवसापासून मी हिरवीवर बसलेले नाही. सकाळी फडक्याने पुसते, हवा बघते आणि वर येते. जिने चढून घाटाएवढा दम लागतो.

तर, मुमताज, हिरवी तू घेऊन जा. अवनीला ती जड होते. पुष्कर म्हणतो, दिवाणखान्यात भिंतीवर टांगू, वर छान दिवा लावू. आता हार तेवढा राहिला! तू अजून सकाळची सायकलने धोमच्या धरणापर्यंत जातेस, तुझ्याकडे ती रस्त्यावर राहील. मिसबाला म्हणावं, आईला गाडीने घेऊन ये; टपावर बांधून नेता येईल. पण बांधायच्या आधी तू तिच्यावर बसायचंस आणि आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत चालवायचीस. दिवाळी होऊ दे, थंडी पडू दे, असं काही म्हणू नकोस. या आठवड्यातच ये. डाग अजून लहान आहे. मी फाटकात उभी राहीन, आणि तू जाताना मला अख्खी दिसायला हवीस.

तुझीच,
आनंदी