माझ्या बाजूचा क्लच

४ फेब्रुवारी

आयुष्यभर गाडी चालवलेल्या नवऱ्याला आज शिकाऊ म्हणून माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसवलं! पक्षाघातानंतर यांचा डावा हात आणि डावा पाय अर्धवटच परत आलाय. नजर ठीक, डोकं ठीक, उजवी बाजू ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, जमलं तर चालवा.

‘दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही,’ हे म्हणाले. ‘ते बिचारा म्हणून वाहवा करतील. तू कुणाला गोंजारणारी नाहीस.’

खरं आहे. विद्यार्थी पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात.

गोदामामागच्या मोकळ्या मैदानात नेलं. क्लच दाबवेना. गाडी सारखी बंद. घामाघूम झाले आणि म्हणाले, ‘राहू दे.’ आजारपणापासून प्रत्येक गोष्टीला हेच — जेवणाला, फिरण्याला, मित्रांच्या फोनला. राहू दे! आज ते ऐकवलं नाही. शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाशी क्लच असतो, दोन्ही पेडल आतून जोडलेली. मी माझा हळूच दाबला. यांच्या पायाखालचं पेडल खाली गेलं.

‘गेला! अगं, गेला!’

मैदानाला फेरी मारली. घरी येऊन पोटभर जेवले.

५ फेब्रुवारी

एकदाच, असं ठरवलं होतं. आज पुन्हा दाबला.

११ फेब्रुवारी

सकाळी नव्या विद्यार्थिनीला क्लच समजावला. दोन चकत्या असतात. एक इंजिनाबरोबर फिरणारी, दुसरी चाकांकडची, थांबलेली. एकदम भिडवल्या तर हिसका बसतो, गाडी बंद. हळूहळू टेकवल्या, थोडं घासू दिलं, की दुसरी पहिलीच्या वेगानं फिरू लागते.

‘म्हणजे लग्नासारखंच की, मॅडम!’

‘पुढे बघ,’ म्हटलं.

पण दिवसभर डोक्यातून जाईना. आमचं भांडण कधी झालं नाही. लेक मोठी झाली, आणि केव्हातरी एकमेकांना हात लावायचंच राहून गेलं. एक फिरत राहिलं, दुसरं थांबून. कोण कुठलं, आता सांगता येणार नाही.

संध्याकाळी मैदानावर. यांच्या डाव्या हातात जोर नाही, म्हणून गियर टाकताना वरून माझा हात. पाय चोरून, हात उघड. तिसरा गियर पडला तरी हात तिथेच. मी काढला नाही. यांनीही नाही.

१६ फेब्रुवारी

आज कपाटातून इस्त्रीचे कपडे काढून घातले. ‘कुणाच्या लग्नाला निघालीस?’ — हे. या वयात कानशिलं तापली! गप्प बसा म्हटलं आणि आरसा नीट करायला लावला.

परतताना मैदानाच्या कडेला गाडी थांबवून नुसतेच बसलो. उठवेना.

२१ फेब्रुवारी

फिजिओबाईंनी पाय तपासला. म्हणाल्या, जे यायचं होतं ते आलंय, यापुढे फारसं नाही. हे हसले. ‘माझा पाय काय करतो ते माझ्या बायकोला विचारा!’

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पर्स उघडून चष्मा शोधला. चष्मा डोळ्यांवरच होता.

सांगायला हवं. उद्या.

२२ फेब्रुवारी

नाही सांगितलं. अर्ध्या क्लचवर गाडी फार वेळ धरली तर चकती जळते, वास सुटतो. याच गोष्टीवरून मी विद्यार्थ्यांवर खेकसते.

२६ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं.

मी शिकवणीला गेले असताना यांनी आमची स्वतःची गाडी बाहेर काढायला घेतली. एकटे. मला स्कूलच्या फाटकाशी घ्यायला येऊन चकित करणार होते. पेडल दबलंच नाही. गियर करकरला, गाडी हिसका देऊन बंद. पुन्हा तेच. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी येऊन हात धरून उतरवलं. मी पोचले तेव्हा पायरीवर बसले होते.

‘पेडल तू दाबत होतीस?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘मला वाटलं, जगात एक तरी माणूस माझी कीव करत नाही.’

कीव नव्हती. पण मग काय होतं ते सांगायचं सोडून मी गाडी आत लावायला गेले. दुसऱ्यांना दिवसभर सूचना देणारी मी!

२७ फेब्रुवारी

यांनी चहा स्वतःच्या हातानं करून घेतला. अर्धा सांडला.

५ मार्च

लेक आली. दोघांची तोंडं बघून तिनं सगळं वदवून घेतलं. बापाला म्हणाली, ‘एवढंच ना बाबा? ऑटोमॅटिक घ्या! क्लच नाही, गियर नाही. डाव्या पायाला कामच नाही.’ मग माझ्याकडे वळली. ‘आई, तू शिकवतेस ना गं गाड्या? इतकं साधं सुचलं नाही तुला?’

‘तसल्या गाडीला जीव नसतो,’ म्हटलं.

ती हसली. हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. नजर मलाच काढून घ्यावी लागली.

सुचलं होतं. मैदानात हे पहिल्यांदा ‘राहू दे’ म्हणाले, तेव्हाच.

१९ मार्च

ऑटोमॅटिक आली. मैदानाला दोन फेऱ्या, मग थेट हमरस्ता. उत्तम चालवतात. मी शेजारी बसले होते. हात मांडीवर ठेवून.

२४ मार्च

हे लेकीकडे राहायला गेले. बॅग स्वतः भरली, एका हातानं. मी पुढचं दार उघडून बसायला लागले, तर म्हणाले, ‘तू नको.’ रागानं नाही. साधंच.

एकटेच गाडी घेऊन निघाले. वळणावर सिग्नल दिला, वेग कमी केला, दोन्हीकडे पाहून वळले. चुकले कुठेच नाहीत.