डिलिव्हरी अजून बाहेर पडलेली नाही

द्वारका, नवी दिल्ली

ती. स्व. वन्संना विनयाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली फक्त कागदावरच वाकते, पण तिथे अगदी कमरेतून.) तुमची साखर आटोक्यात असेल, गोळ्या वेळेवर चालू असतील आणि समोरच्यांनी आणलेल्या पेढ्यांना तुम्ही नाही म्हणत असाल, अशी आशा करते; शेवटच्या बाबतीत खात्री नाही. माझी तब्येत उत्तम आहे. इथली हवा धुरकट असते, पण जन्मभर शाळेत खडूची भुकटी खाल्लेल्या बाईचं दिल्लीची हवा काय वाकडं करणार?

तुमचा निरोप मिळाला. बँकेचे नवे साहेब आपलं फलटणचं घर भाड्याने घ्यायला तयार आहेत आणि त्यांना महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळायला हवं. हो म्हणून टाका. अख्खं घर देऊन टाका, किल्ल्या तुमच्याकडे आहेतच. मी लेकाकडे राहायला निघाले तेव्हा तुम्ही एसटी स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाला होतात, 'तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.' तर माझी अक्कल शाबूत आहे आणि इथलं स्थानही आता पक्कं झालं आहे. ते कसं झालं हे मीच सविस्तर कळवलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्ही भलतंच ऐकाल.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार आहे आणि रखवालदाराच्या वर एक अ‍ॅप आहे. बाहेरचं कुणी आलं की रखवालदार त्याचं नाव फोनमध्ये घालतो, मग घरमालकाचा फोन वाजतो, त्याने 'हो' दाबलं की माणूस आत. माणसांच्या जाती चारच: गेस्ट, डिलिव्हरी, कॅब आणि हेल्प. मी आले त्या दिवशी अंशुमनने घाईघाईत मला गेस्टमध्ये घातलं आणि ते तसंच राहिलं. म्हणजे मी रोज बागेत फिरून परत आले की गुडगावच्या ऑफिसात माझ्या मुलाचा फोन वाजणार, 'विनया गेटवर आहे, आत सोडायचं का?' आणि पोटचा पोरगा मीटिंगमधून मला घरात घेणार. मी पडले इंग्रजीची बाई. धीरज नावाच्या त्या रखवालदाराला मी नीट समजावलं की गेस्ट म्हणजे आपण होऊन बोलावलेला, व्हिजिटर म्हणजे येऊन जाणारा, लॉजर म्हणजे खोलीपुरता, टेनंट म्हणजे भाडं भरणारा, ऑक्युपंट म्हणजे नुसती जागा अडवणारा (इनमेट तुरुंगातलासुद्धा असतो, तो मी गाळला), आणि रेसिडेंट म्हणजे ज्याला दारात 'कोण?' असं विचारत नाहीत तो. धीरजने माझ्या नववी ब पेक्षा पुष्कळ मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "माताजी, हमारे पास तो चार ही बटन हैं."

मग एके दिवशी अंशुमनचा फोन बंद, सूनबाईचा, आमच्या मयुराचाही लागेना, आणि मी दोन्ही हातांत मेथीच्या जुड्या घेऊन उन्हात उभी. धीरजला दया आली. आमच्या घरी डिलिव्हरीला कायमची परवानगी आहे (पनीरला आहे, सासूला नाही), म्हणून त्याने मला डिलिव्हरी म्हणून आत सोडलं. मी वर गेले, मेथी निवडली, जरा आडवी झाले, तोच घंटी वाजली. दारात सुपरवायझर आणि एक काठीवाला. धीरजची पाळी संपली होती आणि अ‍ॅपने बोंब ठोकली होती की आमच्याकडे आलेली डिलिव्हरी आत गेली ती अजून बाहेर पडलेली नाही. सुपरवायझरने मला धीर दिला की घाबरू नका, कुणी घरात लपला असेल तर आम्ही धरतो. घरात परका माणूस म्हटल्यावर मीही लाटणं घेतलं. आम्ही तिघांनी पलंगाखाली पाहिलं, बाल्कनीत पाहिलं, काठीवाल्याने मयुराचं कपाट उघडलं तेव्हा साड्यांचा ढीग त्याच्याच अंगावर आला. शेवटी सुपरवायझरने त्या डिलिव्हरीवाल्याचा गेटवर काढलेला फोटो मला दाखवला. फोटो चांगला आला होता. हिरवी साडी, चष्मा, हातात मेथी.

दुसऱ्या दिवशी मी तडक सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी भसीनसाहेब सभ्य गृहस्थ, चहा मागवला. त्यांनी 'लाँग स्टे गेस्ट' सुचवलं. मी म्हटलं, ते हॉटेलात. 'डिपेंडंट' म्हणाले, मी म्हटलं, मला पेन्शन आहे आणि घरातली भाजी मी निवडते, तेव्हा कोण कुणावर डिपेंडंट हे आधी तपासावं लागेल. 'सीनियर सिटिझन' म्हणाले. ती तर मी फलटणलाही होते. तेव्हा त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की रेसिडेंट करणं त्यांच्या हातात नाहीच. ते घरमालकाने स्वतःच्या फोनवरून करायचं असतं. एक बटन दाबलं की झालं.

वन्सं, तिथे मात्र माझं इंग्रजी संपलं. एक बटन, आणि मी आल्यापासून माझ्या मुलाने ते दाबलं नव्हतं. वर येताना लिफ्टमध्ये मला रडू आलं. (तिथे कॅमेरा आहे, म्हणून भिंतीकडे तोंड करून.)

जेवताना सरळ विचारायचं ठरवलं होतं, पण सवय जात नाही. मी अंशुमनला गेस्ट आणि रेसिडेंट यांतला फरक सांगायला लावला. त्याने घास खाली ठेवला.

"आई, मी मुद्दामच नाही केलं गं ते," तो म्हणाला. "मला वाटलं, मी बटन दाबलं की फलटण संपलं, असं तुला वाटेल. बाबांचं घर आहे यार ते. म्हटलं, तू म्हणशील तेव्हा दाबू."

मयुरा म्हणाली की ती रोज त्याला सांगत होती, आईंना एकदा विचारून टाक. म्हणजे इतके महिने मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि तो माझ्या. मी म्हटलं, दाब. त्याने तिथल्या तिथे दाबलं. हात आमटीचा असल्यामुळे दोनदा दाबावं लागलं.

तर आता मी रेसिडेंट आहे. दूधवाला, गॅसवाला, कुरियर, सगळ्यांसाठी माझाच फोन वाजतो आणि सगळ्यांना मीच आत घेते. पूर्वी मयुरा सकाळचा चहा हातात आणून द्यायची, आता आतल्या खोलीतून विचारते, "आई, चहा टाकलात का?" भसीनसाहेबांनी मला न विचारता पाणी समितीवर घेतलं. दुपारची झोप गेली, पण आपल्या माणसाला कुणी विचारत बसत नाही, हे मला कळतं. मी सुखात आहे. तेव्हा घर निश्चिंतपणे द्या. पत्राचं उत्तर फोनवर न देता पत्रानेच द्या, मला वाचायला काहीतरी राहतं.

तुमची भावजय,
विनया

ता. क. : फाल्गुनात तुम्ही इकडे या, तेव्हा हवा बरी असते. अ‍ॅपमध्ये नणंद कुठेच नाही आणि सिस्टर-इन-लॉ म्हटलं तर ती मीसुद्धा तुमची लागते, तेव्हा तुम्हाला गेस्टमध्येच घालीन. बटन मी स्वतः दाबीन. लग्नानंतर तुम्ही मला स्वयंपाकघरात घ्यायला किती दिवस लावलेत ते लक्षात आहे, म्हणून जरा थांबवीन, पण दाबीन.

आणखी एक : बँकेच्या साहेबांना घर द्या, पण मागची खोली तेवढी देऊ नका. तिला कुलूप घाला, माझं अंथरूण एकदा उन्हात टाका, आणि अंशुमनचा फोन आला तर यातलं अक्षर बोलू नका. पोरगा उगीच मनाला लावून घेईल. वर लिहिलं त्यात खोटं काही नाही. पण रेसिडेंट झाले म्हणून काय झालं वन्सं, मलाही अधूनमधून कुणाकडे तरी पाहुणी म्हणून जावंसं वाटणारच ना?