भुरीकडे पाठ करून

पातूर, ता. ५ सप्टेंबर २०२५

चि. प्रतीक्षाले पार्बताआजीचा आशीर्वाद. आमी इकडे बरे आहो. तू तिकडे बरी नाही हे तुह्या पत्रावरून समजलंच.

तिसरी पास बुढीचं अक्षर हाये, लागलं तसं वाचजो. फोनवर तू बोलते आन् मले नुसती घरघर आयकू येते, म्हनून लिवून राहिली.

पयले हे सांग, त्या कुत्रेवाल्या संस्थेच्या कागदावर माहं नाव कोनाले इचारून लिवलं? घरात अनुभवी मानूस कोन, तं म्हने आजी, चाळीस वर्सं! बाप्पा! चाळीस वर्सं वावरात कुत्रे होते हे खरं. पन ते आपल्या मनानं आले, आपल्या मनानं राहिले. एकाच्याही डोक्यावरून मी हात फिरवला नाही आन् एकालेही उंबरठा ओलांडू देल्ला नाही. संस्थेच्या शालूबाईनं तुले साफ सांगतलं होतं का ही कुत्री बंद गोदामात वाढली, मानूस तिले माहीत नाही, दोन घरांतून वापस आली, नवशिक्याले देता येत नाही. तरी तू मले पुढं करून आनली.

आनली तं आनली, वरून औक्षण केलं! शेजारची इंदूबाई ताट घेऊन, चार बाया टाळ्या पिटून राहिल्या, नाकापुढं जळतं निरांजन. अवं, सून आली होती का गौर? इंदूबाईच्या हाताले दात लागला, सुया टोचून घ्या लागल्या, तं चूक कुत्रीची नाही. तुमी पाच जनी तिच्या वाटेत उभ्या होत्या.

आता बारा दिवसांपासून दिवानाखाली बसली म्हनते. बसन नाही तं काय करन? आयक. दिवानाखाली वाकून पाहू नोको. नाव घेऊ घेऊ बोलावू नोको. भाकर ठेवजो आन् उठून जाजो. सांजच्याले तिच्याकडे पाठ करून बसजो, मेथी निवडजो. जुडी संपली का उठ. नवा बैल आला का तुहा आजा असाच गोठ्यात पाठ करून बसे. बैल आपसूक येऊन त्याची टोपी हुंगे.

शेखररावांले आशीर्वाद. पत्राखाली लोभ असावा लिवतात. तुहा जरा आवर.

पार्बताआजी

*

अमरावती, ता. १९ सप्टेंबर २०२५

ती. आजीस प्रतीक्षाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शेखर दोन दिवस हसत होते. आता हसत नाहीत, कारण रोज मेथी खावी लागते. अकरा दिवसांत घरात दुसरी भाजी नाही.

आजी, तू म्हणालीस तस्संच केलं. भाकर ठेवली, उठून गेले. पाठ करून बसले. पाचव्या दिवशी ती दिवानाखालून बाहेर आली. आठव्या दिवशी तिचा श्वास माझ्या पाठीला लागला. गरम, अगदी मानेजवळ. मला राहवलं नाही. मी वळले आणि तिला जवळ घेतलं.

ती चावली नाही. तिथेच मुतली, किंचाळली आणि पुन्हा दिवानाखाली गेली. तेव्हापासून मी घरात असेपर्यंत भाकरीला तोंड लावत नाही. शाळेत चाळीस पोरं माझ्या मागेपुढे करतात, आणि घरी आले की स्वतःच्या खोलीत चोरासारखी पावलं टाकते. वैतागले मी. काल तिच्यावर ओरडले, मग स्वतःवरच चिडून रडले.

शालूताई दिवाळीच्या आधी बघायला येणार आहेत. तोवर ती माणसांसमोर जेवली पाहिजे आणि दोरीने चालली पाहिजे. नाहीतर परत नेतील, आणि तिसऱ्यांदा परत आलेलं कुत्रं ते पुन्हा कोणाला देत नाहीत. भुरी जन्मभर पिंजऱ्यात राहील. माझ्यामुळे.

महिनाभर तिला तुझ्याकडे आणू का? कागदावर तुझं नाव असल्याने शालूताई हो म्हणाल्या. रागाव, पण नाही म्हणू नकोस. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
प्रतीक्षा

*

पातूर, ता. ८ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतीक्षाले आशीर्वाद.

तू कुत्री सोडून गेली आन् मोठं पत्र लिवलं का तिले काय आवडते, काय नाही. मी वाचलं नाही. दसऱ्याच्या तोंडावर झेंडू तोडाचा का तुहं पुरान वाचाचं?

फुलाच्या खोलीत सोडली तिले. ती कॅरेटच्या मांग जाऊन बसली. मी दारात बसून हार ओवून राहिली, पाठ तिच्याकडे. मुद्दाम नाही, उजेड दारातच येते. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत, सात दिवस. तिच्याकडे पाहाले मले सवड होतीच कुठं. दोरी तेवढी पयल्या दिवशी तिच्या गोनपाटावर टाकून देल्ली. दोरीले तिचाच वास लागला, मंग ते भेव गेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उठाले गेली तं लुगड्याचा सोगा मांगून ओढला. पायतो तं बाईसाहेब त्याच्यावर निजल्या. चुलीवर चहा होता. तो आटला, जळला, भगोनं काळं झालं, तरी बसून राहिली. असा राग आला का सांगू नोको.

काल शालूबाई येऊन गेली. तिच्यासमोर भुरीनं भाकर खाल्ली, दोरीनं इहिरीपर्यंत चालली. शालूबाई म्हने, इथंच राहू द्या, तुमच्या नावावर करतो. मी नाही म्हनलं. मी छ्याहत्तर वर्साची, ती दोन वर्साची. माह्या मांगं तिनं मानूस पुन्हा पयल्यापासून शिकाचा का? कुत्री तुही हाये.

रविवारी ये. जुनं लुगडं नेसून ये, अत्तर लावू नोको.

लोभ आनशीन तं पिशवीत बांधून आनजो.

पार्बताआजी

*

अमरावती, ता. १३ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस नमस्कार.

पोचले. काल दिवसभर तुझ्या फुलांच्या खोलीत पोत्यावर बसले. एकदाही वळले नाही. एक शब्द बोलले नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाले. ती तुझ्याजवळून हलली नाही, आणि तू तिला साधं "जा तिच्याकडे" असंही म्हणाली नाहीस.

शालूताईंना सांगते की कागदावर तुझं नाव घाला. तिला घर मिळालं ना, मग झालं. मला नाही जमत.

प्रतीक्षा

*

पातूर, ता. १७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतीक्षाले आशीर्वाद.

कागदाले हात लावशीन तं याद राख.

एक दिवस बसली आन् कटाळली? चाळीस पोट्टे पयल्या दिवशी अ आ लिवतात का तुह्या शाळेत? जा म्हनलं असतं तं ती माह्या भेवानं आली असती. तसं पायजे होतं का तुले?

तू चारच्या गाडीनं नाक पुसत गेली. फाटकाची कडी वाजली तशी भुरी उठली. तू बसली होती ते पोतं या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगलं. दोन चकरा मारल्या आन् त्याच्यावर अंग टाकलं. मले वाटलं, एका दिवसाचा खेळ. पाच दिवस झाले, तिथंच निजते. माह्या सोग्याकडे ढुंकून पाहत नाही, बेइमान. काल मी पोतं झटकाले गेली तं दात दाखवले मले.

झटकलं नाही. तसंच हाये.

भाऊबीज झाली का रविवारी ये. तेच लुगडं, धुऊ नोको. मेथी मी तोडून ठेवतो. त्याच पोत्यावर बसजो. पाठीले श्वास लागला तरी वळू नोको, पाठीवर डोकं टेकलं तरी वळू नोको. जुडी संपेपर्यंत तरी दम धर, मंग पाहू.

शेखररावांले सांगजो, मेथी दोन गड्ड्या जास्तीची येईन.

लोभ आहेच. तो वाढवू नोको, कुत्री भेते.

पार्बताआजी