मोरीनची शनिवारची मुलं

शनिवार संध्याकाळ, मँचेस्टर

आज मोरीनला माझ्या लेकीच्या, इराच्या हेल्मेटचा पट्टा लावता आला नाही. सत्तरीची ही आयरिश बाई दर शनिवारी आमच्या भागातल्या चिमुरड्यांना हर्लिंग शिकवते, म्हणजे चपट्या लाकडी स्टिकनं बॉल मारायला. बोटं थरथरत होती तिची. मी नर्स आहे, मला आधीच कळलं होतं. मग गप्प का राहिले?

शेवटी तीच म्हणाली, "पार्किन्सन्स आहे. आजपासून तू घे मुलांना."

"मोरीन, मला यातलं काही येत नाही!"

"त्यांना तरी कुठे येतं? दुसरं कोणी तयार नाही. नाहीतर बंद करावं लागेल."

तिनं शिट्टी माझ्या गळ्यात घातली. मी कशीबशी वाजवली, तर सगळी मुलं लगेच माझ्याभोवती गोळा झाली. मोरीन एका मुलाचा पट्टा लावायला धडपडत होती. तो हात सोडवून माझ्याकडे पळत आला.

मग ती कोट घालून पालकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्याशी कोणीच बोलत नव्हतं.

खेळ संपल्यावर इरा तिला बाय न करताच निघाली. मीही तिला आठवण करून दिली नाही. मोरीनसमोर जायचा धीरच झाला नाही मला.