मधली भिंत

२८ ऑक्टोबर १९७३, भिसेगाव
आलो एकदाचा कर्जतला! खोली ऐसपैस, हवा झकास, माणसं मात्र अगदीच बिनडोक. बियाणं कंपनीची प्रयोगशाळा म्हणजे चुना फासलेला गोठा. पण टेबलावर माझा नवाकोरा जर्मन मायक्रोस्कोप आहे. जिवंत पेशी दुभंगताना अगदी शेवटी मधोमध भिंत उभी राहते आणि एकीच्या दोन होतात. ती भिंत उभी राहताना फोटोत पकडली, की मुंबईची नोकरी माझी आणि या गावाला रामराम. घरमालक आबाजीनं भिंगात डोकावून आत गांडुळं हायत म्हणून सांगितलं. असल्यांत दिवस काढायचे!

३१ ऑक्टोबर
मुळांची जिवंत टोकं हवीत, तर कापणी उरकलेली. आबाजीच्या वावरात भाताचा एकच झुपका हिरवा उभा होता. राखणदारासाठी, म्हणजे वावर राखणाऱ्या कुठल्याशा देवासाठी, दरसाल सोडतात म्हणे. मी विळा घेतला तसा आबाजी आडवा आला.

"त्यो नका काढू, सायेब. राखणदार हाय म्हनून ज्याचं त्याला ऱ्हातंय. नायतर कायबी सुटं ऱ्हायाचं नाय."

मला हसूच आलं. माती उकरून मुळासकट काढला. विळा निसटून दोन बोटांच्या बेचक्यात लागला, तर हा बावळट हात जोडून पुटपुटायला लागला.

२ नोव्हेंबर
मुळांचे काप सुरेख निघाले. भिंत सुरू झाली, अर्ध्यावर आली आणि विरघळली. प्रत्येक कापात तेच. गावचं पाणीच घाण, दुसरं काय! आबाजी झुपका परत लावा म्हणत आला होता. हाकलला.

४ नोव्हेंबर
जखम भरली, जरा जास्तच भरली. दोन्ही बोटं पेरापर्यंत चिकटली आहेत. डॉक्टर म्हणतो पट्टी चुकीची बांधली. गाढव आहे.

५ नोव्हेंबर
ब्लेडनं सोडवली. सकाळी पुन्हा चिकटलेली, आता तिसरंही. कातडीचा कपटा भिंगाखाली धरला — कातडीत भिंत नसतेच, पण पेशींमधला पडदाही नाही. कुठेच नाही. मी घाबरलोय.

६ नोव्हेंबर
झुपका लावायला गेलो, वाळून गेला होता. आबाजीचे पाय धरायला वाकलो — त्या आबाजीचे! तो मागे सरला. म्हणाला, मला शिवू नका.

७
पेन बोटांतून निघत नाही. निब टेकली की दुखतं — पेनालाच दुखतं. डाव्या हातानं ओढायला गेलो, तोही — आता पान हाताला — दारात आबाजी आहे. ये रे बाबा — नको, शिवू नकोस — टेबल कुठे संपतं, मी कुठे सु