मडक्यातला एक उडीद

सोमवार, ३ नोव्हेंबर

रघू मास्तरांची बदली झाली! तलासरीला. एकोणीस वर्षं आमच्या खोडाळ्याच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर, कोच, चेंडूचं पंक्चर काढणारा — सगळं एकच माणूस. दोन ओळींच्या कागदावर गेला. जाताना शिट्टी रोहिदासच्या चहाच्या टपरीत खिळ्याला अडकवून गेला.

आता रोज संध्याकाळी टपरीवर एकच विषय. नवा मॅनेजर कोण? एक म्हणतो नाशिकहून आणा. दुसरा म्हणतो नाशिकचा माणूस खोडाळ्यात दोन दिवस टिकायचा नाही. मी पंचायत समितीतून निवृत्त. रिकामा. तीस वर्षांच्या प्रत्येक मॅचची नोंद माझ्या वह्यांत आहे — गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, चूक कुणाची. हे सगळ्यांना ठाऊक आहे. बसलो. तीन कप चहा प्यालो. कुणीही माझं नाव घेतलं नाही!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज कॅप्टन जगनने नाव काढलं. "आपल्या बाई."

कोण बाई? तर आमची सुनिता! माझी बायको! सव्वीस वर्षं गावची अंगणवाडी चालवते, कबूल. पण फुटबॉलमधलं तिला एवढंच कळतं की चेंडू गटारात गेला तर धुवून घ्यायचा. मी खो खो हसलो. मग बघतो तर मी एकटाच हसतोय.

घरी येऊन तिला सांगितलं. ती वाल निवडत होती. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? हसलो."

"बरं," म्हणाली. तिचं 'बरं' मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

समाजमंदिरात सभा. आम्ही एक्केचाळीस जण. संघात अकरा, पण संघावर जीव टाकणारे तिप्पट.

काय तो गोंधळ! "बाईंना ऑफसाईड म्हंजे काय ते तरी ठाव हाय का?" "तुला लगीन म्हंजे काय ते ठाव होतं का? केलंसच ना!" "जव्हारवाले हसतील." "ते आतापन हसतात." सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं? मी. अनुभव, डावपेच, शिस्त — अर्धा तास. सुनिता कोपऱ्यात बसून ऐकत होती. मान हलवत होती, साहेबलोकांचं भाषण ऐकताना हलवते तशी. मला आणखी चेव आला.

मग जगन उठला. "आमच्या अकरांतली नऊ पोरां बाईंच्या अंगणवाडीतली. आमचं वजन त्यांनी केलं. कोन रडतो, कोन रुसतो, कोनाला उपाशीपोटी पळवत नाय — सगळा त्यांना ठाव हाय. दुसऱ्या कोनाला हाय?"

मत द्यायचं ठरलं. म्हातारा मंगळू म्हणाला, "हात वर करून उपेग नाय. बायकोसमोर नवऱ्याचा हात आपसूक वर जातो." मला डिवचायला म्हणाला, मेला. त्यानंच युक्ती काढली. प्रत्येकाला एक वाल, एक उडीद. बाई हवी तर वाल मडक्यात टाकायचा, नको तर उडीद. मूठ मडक्यात घालूनच उघडायची. उरलेला दाणा दाराबाहेर कोंबड्यांना. कुणाचं मत कुणाला कळायला नको. सुनितानेही आपले दोन दाणे घेतले. "मी पण मॅच बघते की," म्हणाली.

माझी पाळी आली. उडीद चिमटीत धरलेला. तेवढ्यात समोर मुकेश दिसला, आमचा गोल मारणारा वाघ. शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता. सुनिताने लांबूनच भुवया वर केल्या. पोरगा ताठ बसला, खिशातून रुमाल काढला! पंचवीस वर्षांचा गडी! रघू मास्तर एकोणीस वर्षं ओरडले, त्याच्याकडून एकही गोष्ट करून घेऊ शकले नव्हते.

मी वाल टाकला.

मडकं सुपात पालथं केलं. चाळीस वाल. एक उडीद, काळाकुळकुळीत.

सगळं समाजमंदिर माझ्याकडे बघायला लागलं! तासभर माझ्यासारखेच बोंबलणारे सगळे वाल टाकून साळसूद बसलेले. मंगळू म्हणाला, "भाऊसाहेब, बोललात तसा केलात. मर्द माणूस!" आता मी उठून काय सांगू — अर्धा तास बोललो आणि मग फिरलो म्हणून? कोण विश्वास ठेवील? सुनिताने तो उडीद सुपातून उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

जेवायला उडदाची आमटी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पुन्हा उडदाची आमटी! नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी म्हणजे माझा जीव की प्राण. पण प्रत्येक घासाला ती माझ्या तोंडाकडे बघते. टोमणाच आहे हा. गिळवेना.

टपरीवर रोहिदास म्हणाला, "या उडीदसाहेब!" शाळेतून येणारी पोरंसुद्धा 'उडीद, उडीद' करतात. पण कुणी टाकला तो? मी सगळ्यांची तोंडं निरखतोय. मंगळूचाच असणार.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिला सराव. बाईंनी पहिला काय हुकूम काढावा? मुकेश गोलकीपर! गेल्या वर्षी अकरा गोल मारणारा माणूस दोन खांबांच्या मधे उभा! माझं डोकं फिरलं. घरी बोललो.

"लहानपणी त्याच्या हातातला लाडू कुणाला सोडवता आला नाही," म्हणाली. "आणि पुढे गेला की तो कुणाला चेंडू देत नाही. एकलकोंडा झालाय. मागे उभा राहिला की सगळ्यांना हाका मारील."

हे काय कारण झालं? पण खरंच, आज तो सगळ्यांना नावानं हाका मारत होता.

रविवार, २३ नोव्हेंबर

ऑफसाईड तिला मी समजावलं, पाऊण तास, कागदावर बाण काढून. तिनं मैदानावर पोरांना एका वाक्यात सांगितलं: "पंगतीत वाढपी पोचायच्या आधी पुढं जाऊन बसायचं नाही, तसंच हे." कळलं सगळ्यांना! माझे बाण वाया.

परत येताना सांगणार होतो तिला. वाल माझा होता म्हणून. बाजूलाच चालत होती. 'सुनिता' म्हटलं. ती 'काय' म्हणाली. मी म्हटलं, "चप्पल झिजली तुझी."

रविवार, ७ डिसेंबर

भातकापणी संपली आणि गाव रिकामं व्हायला लागलं. आमचा मधला खेळाडू माघ्या बायको-पोरासकट भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. दर वर्षी याच वेळी आमचा संघ मोडतो. रघू मास्तर हात टेकायचे.

सुनिता काल पहाटेच्या एसटीने निघाली, तीन गाड्या बदलून भट्टीवर गेली. खांद्याला वजनकाटा! माघ्याच्या पोराचं वजन केलं. मग तिथल्या सगळ्या पोरांचं केलं, मुकादमाच्या नातीचंसुद्धा. म्हणाली, "त्याला म्हटलं, दर महिन्याला येऊन वजन करते. तुम्ही रविवारी माघ्याला सोडा." सोडला!

संध्याकाळी दमून आली. पाय चेपून दिले. तीस वर्षांत पहिल्यांदा असेल. तेव्हाही सांगता आलं नाही. आत्ता सांगितलं तर लाडीगोडी वाटेल.

रविवार, २१ डिसेंबर

"तुमच्या वह्या द्या," म्हणाली. सगळ्या. चष्मा लावून ओसरीवर वाचत बसली. मधेच हसली. "यात दर पानावर 'चूक अमक्याची, चूक तमक्याची'. चांगलं कुणी काहीच केलं नाही का हो तीस वर्षांत?"

मी वही घेतली आणि चाळली. खरंच की.

आज उडदाची आमटी. आता मोजत नाही.

रविवार, ११ जानेवारी

जव्हारच्या स्पर्धेची सेमी-फायनल, साखरशेतला. जिंकलो! दोन-एक! माघ्या सकाळी भट्टीवरून आला, केसांत विटांची धूळ तशीच, आणि गोल मारला. मंगळू काठी टाकून नाचला. तीस वर्षांत आम्ही कधी फायनलला गेलो नव्हतो. कधीच नाही! वह्या साक्षीला आहेत.

परतीच्या टेम्पोत पोरं ओरडत होती, "बाईंचा विजय असो! उडीदसाहेबांचा विजय असो!" सुनिता हसून लोळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तीही एवढी हसतेय तर हसू दे म्हटलं.

सोमवार, २६ जानेवारी

जव्हारला फायनल. हरलो.

शेवटपर्यंत शून्य-शून्य. मुकेशने चार चेंडू असे अडवले की जव्हारवालेही टाळ्या वाजवत होते. संपायला पाच मिनिटं असताना एक साधा, सरपटत येणारा चेंडू. हातात आला. आणि सुटला! ज्याच्या हातातून लाडू सुटत नाही त्याच्या हातातून.

पोरगा तिथेच बसला, गुडघ्यांत डोकं घालून. आमच्याकडची माणसं त्याला नाही नाही ते बोलत होती. सुनिता सरळ मैदानात गेली. पंचांनी अडवलं, ऐकलं नाही. त्याच्याजवळ बसली आणि पदराने त्याचं नाक पुसलं.

वहीत 'चूक मुकेशची' लिहायला घेतलं. नाही लिहिलं. 'चार अप्रतिम बचाव — मुकेश' असं लिहिलं.

रविवार, १ फेब्रुवारी

पुन्हा सभा. ज्यांनी वाल टाकले तेच आज म्हणायला लागले, "अनुभव नाय ना! वाघाला नेऊन दावणीला बांधला. नवीन मानूस आना." मुकेश खाली मान घालून. सुनिता कोपऱ्यात, तीच जागा. मान हलवत ऐकत होती. शिट्टी गळ्यातून काढून तिनं मांडीवर ठेवली होती. ती शिट्टी बघितली आणि मला राहवेना.

उठलो. वह्यांची पिशवीच नेली होती. म्हटलं, "तीस वर्षं लिहितोय. यंदापर्यंत फायनल एकदाही नाही. दर डिसेंबरला संघ मोडला, यंदा मोडला नाही. आणि चुका लिहायच्या तर पहिली माझी लिहा. या बाईला मी सर्वांसमोर अर्धा तास नावं ठेवली. पण मत देताना मी वाल टाकला होता. उडीद माझा नव्हता!"

मग जो काय हशा! रोहिदासच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगळू म्हणाला, "भाऊसाहेब, मंग तो उडीद काय भुतानं टाकला?" मी घसा फोडून सांगतोय आणि ती माणसं मांड्या थोपटतायत!

पण हसता हसता राग गेला सगळ्यांचा. मतदान झालंच नाही. जगनने शिट्टी उचलून परत तिच्या गळ्यात घातली. बाई राहिल्या.

ती मात्र हसली नव्हती. विश्वास नसेल बसला. नसू दे. मी बोललो, एवढंच.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी चहा देताना पदराची गाठ सोडली. तो उडीद माझ्या तळहातावर ठेवला.

"माझा आहे," म्हणाली. "सगळे वालच टाकणार हे तेव्हाच दिसत होतं. तुम्ही तेवढे एकटे पडणार. एकच उडीद निघाला असता तर गावाने तुम्हाला खाल्लं असतं. दोन निघाले तर दुसरा कुणाचा, यात तुमचं झाकून जाईल. म्हणून टाकला. सुपात एकच दिसला, तेव्हाच कळलं मला, तुम्ही वाल टाकलात ते."

तीन महिने! मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "मॅनेजरनेच स्वतःला नको म्हटलं, हे कळल्यावर पोरं खेळली असती का? आणि तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. चप्पल झिजली म्हणालात!"

"आणि ती रोजची आमटी?"

"तुम्हाला आवडते ना?"

दुपारी दोनदा मागून घेतली.