पोटातलं पाणी

१२ जानेवारी १९९७, भिंगार

आले एकदाची ताईकडे! जामखेडच्या शाळेला लांब रजा टाकली. माझी एक ट्रंक आणि माझ्या पाण्याची अकरा खोकी भावजींनी टेम्पोतून उतरवून घेतली. दोन्ही किडन्या संपावर गेल्यापासून हे पाणीच माझं रक्त धुतं. पोटातल्या नळीतून दिवसाला चार वेळा दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढून टाकायची. मशीनचं डायलिसिस माझ्या शिरांना झेपलं नाही, तेव्हा आता सगळी भिस्त पोटावर.

मागची खोली ताईने चुना लावून तयार ठेवली होती. खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत साबण, मगच नळीला हात. नियम तिनेच लिहून दाराला चिकटवलेत. शाळेत बाई मी, पण इथे तिची विद्यार्थिनी! उतरलेलं पाणी गढूळ आलं तर पोटात जंतू शिरले समजायचं. आजचं अगदी नितळ होतं.

१० फेब्रुवारीला पुण्यात ऑपरेशन. ताईची किडनी मला जुळली. आई एवढंच म्हणाली, "थोरलीनं न्हाई द्यायची तर मंग कोनी?" ताई हसली, आणि ठरलं.

२ फेब्रुवारी

विहारात महिला मंडळाने ताईचा सत्कार केला. शाल, गुलाबाचा हार, कर्ण्यावर नाव. ऑपरेशनच्या आधीच! भावजी कॉलर ताठ करून फिरतायत. ताईने मात्र शाल घडी न करताच कपाटात कोंबली. दमली असेल.

६ फेब्रुवारी

सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. पोटात कळा, ताप. चूक माझीच, काल घाईत हात नीट धुतले नव्हते. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. पोटात जंतू असताना किडनी बसवत नाहीत. मी ढसाढसा रडले. ताई थोपटत राहिली. आज बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

३ मार्च

बरी झाले. औषध पिशवीच्या रबरी बुचातून सुईने आत सोडावं लागायचं. माझा हात थरथरतो म्हणून ताई शिकली, आणि नर्सपेक्षा सफाईने करते. आता पिशव्याही तीच ऊन करून आणते. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. नवी तारीख १७ मार्च.

१३ मार्च

पुन्हा गढूळ. हात दोनदा धुतले होते. दोनदा! डॉक्टर फोनवर मला निष्काळजी म्हणाले. ताई माझ्या बाजूने भांडली. आता २१ एप्रिल. आणखी एकदा असं झालं तर पोट निकामी होईल, मग आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

१६ एप्रिल

भावजी आठवडाभर ड्युटीवर बाहेरगावी. दुपारी मोरीकडे निघाले होते. ताई हौदापाशी पाठमोरी बसलेली, मांडीवर पिशवी. सिरिंज हौदात बुडवली. पाणी ओढलं. बुचात टोचली. मग पिशवी पदराने पुसली.

मला मळमळतंय म्हणून सांगितलं. पिशवी लावू दिली नाही.

१७ एप्रिल

या महिन्याची आलेली सगळी खोकी उघडून पाहिली. प्रत्येक पिशवीचं वरचं आवरण काढलेलं. चांगली कोणती, आणि— कळायला मार्ग नाही. कालपासून एकही लावलेली नाही. चेहरा सुजलाय. धाप लागते.

ताई, तू?

१८ एप्रिल

विचारलं. तिने नाकारलंही नाही.

"मला कुनी इचारलं हुतं का, शुभे? आईनं ठरवलं, लोकांनी हार घातला. मला लई भ्या वाटतं गं. तुला मारायचं न्हवतं. फकस्त तारीख पुढं जावी."

नाही म्हणायचं होतंस, मी म्हटलं.

"तुझ्या तोंडावर?"

मला नकोच तुझी किडनी. मला शेजारी नेऊन आईला फोन लावून दे, मीच तसं सांगते— तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मंग ह्येबी सांगशील."

तिने कडी लावलीय. पिशवी घेऊन आली. मला उठवत नाही, श्वास पुरत नाही—

नळी जोडली. कपाळावरून हात फिरवतेय. झोप म्हणते. पाणी आत येतंय, हौदासारखं गार—

ताई, नाही सांगणार गं कुणाला. हे बघ, वहीतलं हे पान तुझ्यासमोर फाड—